मनाची उलटतपासणी

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं आपण सहज बोलून जातो. ज्याने कोणी ही म्हण पहिल्यांदा उच्चारली, त्याला रात्री तीनची जाग चांगलीच ठाऊक असणार. वैरी आपलं वाईट चिंतत असेलही, पण आपल्याच आवाजात बोलण्याची सोय त्याला नाही. दुसरं कोणी ‘तू बिनकामाचा आहेस’ म्हणालं तर आपण चार शब्द सुनावू. तेच मन म्हणालं की मुकाट ऐकून घेतो.

ॲरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं शिक्षण फ्रॉइडच्या पठडीतलं. नैराश्यात माणसाचा राग आत वळलेला असतो, हे सिद्ध करायला त्यांनी रुग्णांची स्वप्नं तपासायला घेतली. हाती लागलं भलतंच: राग कमी, हार आणि गमावणंच जास्त. पुढे, १९६०च्या दशकात, त्यांनी मांडलं की रुग्णाच्या बोलण्याच्या आडून विचारांचा दुसराच एक प्रवाह चालू असतो. झटकन येतो, आणि आल्या आल्या खरा वाटतो. ‘स्वयंचलित विचार’ म्हणतात ते हेच.

समजा, बैठकीत तुम्ही बोलताय. एक आकडा आठवत नाही, तुम्ही कागद चाळता. समोरचा एक जण घड्याळ बघतो. संध्याकाळपर्यंत मनाने निकाल देऊन टाकलेला असतो: ‘सगळ्यांना कळलं, मला काही येत नाही.’ या वाक्याची आता उलटतपासणी घ्या. तीही कागदावर, कारण डोक्यातल्या डोक्यात वकील, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असतो. सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला? घड्याळ बघितलं एकाने. त्याच्या मनात काय आलं, ते तुम्हाला कोणी सांगितलं? काहीच येत नाही, तर मग उरलेला अर्धा तास कोण बोलत होतं? असं एकेक खोडत गेलात की शिल्लक राहतं ते इतकंच: एक आकडा आठवला नाही आणि एकाने घड्याळ पाहिलं.

किती कोरडं वाटतं ना? पुष्कळांची निराशा होते इथे. त्यांना त्या जागी काहीतरी झगझगीत हवं असतं, ‘मी उत्तम वक्ता आहे!’ असलं. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःबद्दल आधीच हलकं मत असलेल्यांना त्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. त्यांना उलट जास्तच वाईट वाटलं. मला याचं नवल वाटत नाही. पटत नसलेलं वाक्य घोकलं की मन आतून हरकती घेत राहतं. कोरड्या सत्यावर हरकत घ्यायला त्याला जागा सापडत नाही.

विचार हाकलून देण्याचा उपायही फसवाच. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. त्यामुळे विचार आला म्हणून घाबरू नका. येऊ दे, आणि पुरावा मागा.

एक चिठ्ठी आली आहे: ‘तपासणीत विचार खराच निघाला तर?’ निघतो कधीकधी. तयारी खरोखरच कमी पडलेली असते. मग कुठली, किती, एवढं विचारा. ‘मी नालायक’ या वाक्याचं काय करणार? ‘खर्चाच्या तक्त्यातले आकडे मी पाहिलेच नव्हते’ असं लिहिलंत, तर उद्या सकाळी तो तक्ता घेऊन बसता येतं.

मात्र जगणंच नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर हा वहीतला उद्योग एकट्याने करत बसू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.