आता आराम करा म्हणू नका त्यांना

सकाळची सहाची वेळ, सांगलीतली आमराई. फिरायला आलेल्यात निम्मी डोकी पांढरी दिसतील तुम्हाला, कानाला मफलर, पायात पोरानं घेऊन दिलेले स्पोर्ट शूज, आणि दोन राऊंड झाले की बाकावर बसून गप्पा, बीपीच्या गोळ्या, गुडघे, नातवाची ॲडमिशन, कृष्णेचं पाणी किती चढलं. छान वाटतं बघायला. पण जरा वेळ जवळ बसलात की एक वाक्य हमखास ऐकू येतं, आता आपलं काय राहिलंय ओ, दिवस ढकलायचे.

आणि हे म्हणणारा माणूस बऱ्याचदा धडधाकट असतो. बँकेत नाहीतर एसटीत नाहीतर शाळेत उभी हयात काढलेली, हिशोबाला पक्का, शंभर माणसं नावानिशी ओळखणारा. रिटायर झाला, सत्कार झाला, शाल नारळ झाला, आणि दुसऱ्या दिवसापासनं घरातले सगळे एकच म्हणतात, लय केलं तुम्ही, आता आराम करा. बाजाराची पिशवी उचलू देत नाहीत, लाईट बिल पोरगा मोबाईलवर भरतो, शेताकडं गेले तर फोन येतो कुठं उन्हात फिरताय. सगळं प्रेमापोटीच असतं. पण मला मनापासनं वाटतं की या प्रेमानंच आपण त्यांना लवकर म्हातारं करतोय, कारण माणूस दमतो कामानं पण खचतो तो आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही हे कळल्यावर.

आता मिरजेला जाऊ, लांब नाही. सतारमेकर गल्ली. शिकलगार घराणी ही, पूर्वी शस्त्रांना धार लावायची, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडं वळली आणि आज मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन आहे, म्हणजे ही खास याच गावची वस्तू असा सरकारी शिक्का, २०२४ साली मिळालं. भोपळे येतात पंढरपूर भागातनं. लाकूड कापणं, भोपळा जोडणं, नक्षी, पॉलिश ही कामं तरणी पोरं झपाझप करतात. पण शेवटी जवारी काढायची वेळ येते. जवारी म्हणजे काय, तर ज्या घोडीवरनं तारा जातात तिचा माथा कानशीनं इतका बारीक घासायचा की तार तिला नुसती चाटून गेली पाहिजे, मग तो भरलेला, गुंजणारा आवाज निघतो. केसाएवढं जास्त घासलं की आवाज गेला. ह्याला मोजपट्टी नाही, कानानंच कळतं, आणि तो कान तयार व्हायला वर्षानुवर्षं जातात. म्हणून इथं अवघड काम आलं की वाद्य म्हाताऱ्या कारागिरापुढं येतं. तो एकदा छेडतो, परत घासतो, परत छेडतो, बाकीचे गप्प बसून ऐकतात. त्या माणसाला कुणी आराम करा म्हणत नाही, म्हणून चालणारच नाही.

शरीराचं काय, तर शरीर साथ देतं, पण त्याला कामाला लावलं तरच. पासष्टीनंतरसुद्धा आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं, शिवाय ताकदीचा आणि तोल सांभाळायचा व्यायाम करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या लोकांकडनं आठ आठवडे पायाचा वजनाचा व्यायाम करून घेतला होता, १९९० साली ते छापून आलं, पायातली ताकद सरासरी दुपटीच्या वर गेली. नव्वदीत! म्हणजे आजोबांच्या हातातली पाण्याची कळशी काढून घेताना जरा विचार करा.

आता वाळवा. नागनाथअण्णा नायकवडी यांचं गाव. अण्णा इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारातले, १९४४ साली साताऱ्याच्या जेलमधनं तट ओलांडून निसटलेले, हे सगळ्यांना माहितीय, शाळेत भाषणात सांगतात. स्वातंत्र्य आलं, पुढं साखर कारखाना उभा केला, शाळा काढल्या, सत्तरी आली. इथं थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण वाळव्याला कृष्णा उशाशी, ऊस हिरवागार, आणि त्याच जिल्ह्यात आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडं टँकरची वाट बघणारी माणसं, हे त्यांना सोसेना. १९९३ साली आटपाडीत पाणी परिषद भरवली, तेव्हा अण्णा सत्तरी ओलांडलेले. ज्यांच्याकडं पाणी होतं त्या भागातला माणूस, ज्यांच्याकडं नव्हतं त्यांच्यासाठी उठला. सोबत भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते, हजारो शेतकरी, मोर्चे, ठिय्या, आणि नुसतं पाणी द्या एवढंच म्हणणं नव्हतं तर सगळ्यांना समान वाटा द्या. वर्षानुवर्षं चाललं हे. टेंभूच्या, म्हणजे कृष्णेचं पाणी उपसून दुष्काळी भागात न्यायच्या योजनेच्या, पाण्यासाठी भांडताना हे पाणी आपल्या डोळ्यांदेखत येईल का याची खात्री त्या वयात कोण देणार होतं, तरी ते गेले. २०१२ मध्ये वारले, नव्वदीला टेकले होते. आज आटपाडीकडं कॅनॉलचं पाणी फिरतंय, बांधावर उभं राहिलं की डाळिंबाच्या बागा दिसतात.

सगळेच अण्णा होत नाहीत, आणि व्हायची गरजही नाही. ज्यांना उठवतच नाही, ज्यांची नजर गेलीय, ज्यांच्याजवळ कुणी राहत नाही, त्यांना काम शोधा म्हणणं क्रूरपणा होईल. त्यांना माणूस लागतो शेजारी, आणि ती जबाबदारी आपली. पण अंथरुणावरची आजीसुद्धा जात्यावरच्या ओव्या सांगू शकते, कुठली सून कुठल्या गावची, कुठली विहीर कुणी खणली, दुष्काळात काय खाल्लं, हे तिच्याशिवाय घरात कुणालाच माहीत नसतं.

तेव्हा घरी गेल्यावर एक करून बघा. भाजीची पिशवी आणि पैसे आबांच्या हातात द्या, गॅस सिलेंडरचं बुकिंग त्यांनाच शिकवा, पोरांच्या गणिताला त्यांनाच बसवा, बांधावर कुठलं झाड लावायचं ते त्यांनाच ठरवू द्या. पहिल्यांदा चुकतील, वेळ लागेल, भाजी महाग आणतील. तरी दुसऱ्या दिवशी परत त्यांनाच पाठवा.