तीन बॅटऱ्या आणि एक टायरॉड

(दृश्य : मावळातलं पठार, सकाळ. तीन गाड्या. जीपची पुढची दोन चाकं.)

ही महिंद्राची एमएम ५४० जीप. पुढची दोन चाकं दोन दिशांना बघतायत. त्यांना एकत्र वळवणारा दांडा म्हणजे टायरॉड. काल संध्याकाळी तो दगडावर आपटून वाकला आणि पुढच्या चढावर मोडला. तेव्हा कॅमेरा बॅगेत होता. म्हणून ही गोष्ट आज सकाळपासून.

खरं तर दुसऱ्या गाडीतून टायरॉड खाली गावात नेता आला असता. नेला नाही. गाडी ज्यानं वर आणली त्यानं ती स्वतः नीट करून खाली न्यावी, असं या मंडळींचं म्हणणं. आमचंही तेच आहे.

(दृश्य : बॉनेट उघडतात. बॅटऱ्या उतरतात.)

जनरेटर नाही, वेल्डिंग मशीन नाही. वेल्डिंग बॅटऱ्यांवरच करायचं, म्हणून प्रत्येक गाडीची बॅटरी काढली. १२ व्होल्टच्या तीन. बॅटरी गाडीतच ठेवून वेल्डिंग केलं तर अल्टरनेटर आणि नव्या गाडीतला ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, जळू शकतो. बाहेर काढली की त्या गाडीच्या घड्याळाचे बारा वाजतात, तेवढंच.

आता मेस्त्रींचे हात बघा. पहिलीचा प्लस दुसरीच्या मायनसला, दुसरीचा प्लस तिसरीच्या मायनसला. उरलेली दोन टोकं कामाची : प्लस वेल्डिंगची रॉड धरणाऱ्या होल्डरला, मायनस अर्थिंगच्या चिमट्याला. मीटरवर ३७.६ व्होल्ट. दोन बॅटऱ्यांवरही आर्क, म्हणजे धातू वितळवणारी सलग ठिणगी, पेटतो, पण रॉड सारखी चिकटते. तीनवर सुखानं चालते.

केबल वेल्डिंगचीच, जाड तांब्याची. गाडीला धक्का-स्टार्टऐवजी लावतात त्या बाजारातल्या बारीक जंपर केबल इथं आणू नका. त्यांचं प्लास्टिक आधी वितळतं.

(दृश्य : रबरी मॅट. बॅटऱ्यांपासून कामाच्या जागेपर्यंतचं अंतर.)

बॅटऱ्या वाऱ्याच्या बाजूला, केबल पुरेल तितक्या लांब. त्यांच्यातून हायड्रोजन सुटतो आणि ठिणगीला तेवढं पुरतं. वर रबरी मॅट. होल्डर रिकामा, कोरड्या लाकडावर. हे सगळं झाल्यावरच शेवटची जोडणी. आजूबाजूचं गवत दिवाळीनंतर सुकलेलं, म्हणून ते ओरबाडून काढलंय आणि शेजारी पाण्याचा कॅन आहे.

टायरॉड गाडीवरून उतरवलाय. जागेवरच जोडला असता तर करंट टोकाच्या बॉलजॉइंटमधून, म्हणजे फिरत्या सांध्यातून, गेला असता. दोन दगडांत धरून तो सरळ केला. मोडलेल्या जागी दोन्ही बाजूंनी २५ मिमीच्या अँगलचे तुकडे, हाड मोडल्यावर खपच्या बांधतात तसे. हा अँगल मेस्त्रींच्या पेटीत कधीपासून पडून होता. ऑइल आणि रंग वायर ब्रशनं घासून काढले. ब्रेक क्लीनर वापरला नाही : त्याच्या काही प्रकारांतून आर्कच्या उष्णतेनं विषारी वायू होतो.

(दृश्य : वेल्डिंगच्या काचेआडून. हिरवा उजेड.)

३.१५ मिमीची रॉड. करंट कमी-जास्त करायला इथं बटण नाही. रॉडची जाडी आणि केबलची लांबी, एवढंच हातात. २.५ ची लावली तर ती लाल होऊन लोंबते. आधी चार टाके. मग एक रॉड संपली की थांबायचं. बॅटरीला हात लावून बघायचं. कोमट असेल तर पुढची.

काचेशिवाय कुणी बघायचं नाही. एकदा आर्क लागला की रात्रभर डोळ्यांत वाळू.

(नैसर्गिक आवाज : जोडावरची मळी ठोकून काढण्याचा. काही वेळ निवेदन नाही.)

टायरॉड पुन्हा जागेवर. टायरच्या पुढच्या बाजूचं आणि मागच्या बाजूचं अंतर टेपनं मोजतात. टोकाचा आटा फिरवून दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होईपर्यंत हे चालतं. यात वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ गेला. आम्ही दोन मिनिटंच ठेवलाय.

हा जोड पायथ्यापर्यंतच. डांबरी रस्त्यावर तो चालवायचा नाही. तिथून गाडी ट्रेलरवर आणि टायरॉड नवा. स्प्रिंगच्या पाट्यांना तर वेल्डिंग करूच नये, जोडाशेजारीच पुन्हा तुटतात.

(दृश्य : स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे. चाकं.)

बॅटऱ्या ज्याच्या त्याला परत. जीप पहिल्या चावीला सुरू झाली नाही. दुसऱ्या गाडीनं ओढली.

(दृश्य : उतार. मागून घेतलेला शॉट, आवाजासह.)