मोजणारा द्रवही हिशेबात धरा

आधी फळ्यावर एक गणित मांडतो. एका आडव्या नळात दाबाखाली पाणी भरलेले आहे. नळाला यू-नळीचा मॅनोमीटर (द्रवाच्या पातळ्यांवरून दाब मोजणारी यू आकाराची नळी) जोडला आहे, त्याचे दुसरे तोंड हवेत उघडे. यू-नळीत पारा. उघड्या बाजूचा पारा नळाकडच्या पाऱ्यापेक्षा २५० मिलिमीटर वर चढलेला आहे आणि नळाकडच्या पाऱ्याची पातळी नळाच्या मध्यापासून ४०० मिलिमीटर खाली आहे. नळातला दाब किती?

पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून इथे घाईघाईत १३.६ ला ०.२५ ने गुणले जाते आणि ‘३.४ मीटर पाण्याइतका’ असे उत्तर येते. ते चूक आहे. यासाठी पुस्तकात तयार सूत्र असते, पण ते पाठ करू नका असेच मी सांगेन. जोडणी जरा बदलली की सूत्र निरुपयोगी ठरते. त्यापेक्षा उघड्या तोंडापासून निघा आणि नळीतून नळापर्यंत चालत जा. खाली उतरलात की दाब जमा, वर चढलात की खर्च. उघड्या तोंडाशी गेज दाब, म्हणजे वातावरणाच्या वरचा दाब, शून्य. पाऱ्यातून २५० मिलिमीटर उतरलो, ३.४ मीटर पाणी जमा झाले. त्याच पातळीवर पाऱ्यातूनच पलीकडच्या बाजूला गेलो. सलग, स्थिर आणि एकाच द्रवात एका पातळीवर दाब सारखाच, म्हणून देणेघेणे नाही. मग पाण्यातून ४०० मिलिमीटर वर चढलो, ०.४ मीटर गेले. उरले ३.० मीटर, म्हणजे ३ × ९८१० (एक मीटर पाण्याचा दाब, पास्कलमध्ये), सुमारे २९.४ किलोपास्कल. निरपेक्ष, म्हणजे वातावरणासकट, दाब विचारला असेल तर वातावरणाचे १०१.३ मिळवा, १३०.७ किलोपास्कल झाले.

आता नळात पाण्याऐवजी हवा आहे असे समजा. बाकी सगळे तेच. ०.४ मीटर हवेचा दाब होतो जेमतेम ५ पास्कल, आणि पाऱ्याचा ३३ हजारांच्या वर. ही हवा खुशाल सोडून द्या. नळी तीच, वाचन तेच, पण एकदा मधले पाणी धरायचे आणि एकदा मधली हवा सोडायची. हे ठरवते कोण? घनता. द्रवांचे गुणधर्म आणि दाबाचे मापन ही पुस्तकात दोन वेगळी प्रकरणे असतात. पहिले परीक्षेपुरते उरकायचे आणि खरी गणिते दुसऱ्यात, अशी आपली समजूत होते. माझे म्हणणे असे, की दुसऱ्या प्रकरणातला प्रत्येक आकडा पहिल्यातून येतो.

बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजायचे यंत्र, घ्या. टॉरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ च्या पत्रात पाऱ्याच्या नळीचे वर्णन केले. त्यात पाराच का? जड आहे म्हणून, हे उत्तर सगळे देतात आणि ते बरोबर आहे: पाऱ्याला ७६० मिलिमीटर उंची पुरते, पाण्याला १०.३ मीटर लागते. पण समजा तेवढी उंच नळी उभी केली, तरी काम भागत नाही. पाण्याच्या वरची जागा रिकामी राहत नाही, तिथे वाफ साठते. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे या वाफेचा दाब, २.३४ किलोपास्कल असतो, म्हणजे पाण्याचा स्तंभ २४ सेंटिमीटर कमी भरतो. ६० अंशांना तो जवळजवळ २ मीटरने खाली येईल! हवेचा दाब बदललेला नसताना यंत्र बदल दाखवणार. पाऱ्याचा बाष्पदाब २० अंशांना एका पास्कलहूनही कमी आहे, तो कोणी मोजत बसत नाही.

याच नळीचा माझा आवडता प्रयोग १९ सप्टेंबर १६४८ चा. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिये प्युई द डोम हा डोंगर चढला आणि माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटरने खाली आलेला त्याने पाहिला. पण मला जास्त कौतुक वाटते ते दुसऱ्या नळीचे. ती पायथ्याशीच ठेवली होती, दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला माणूस बसवला होता, आणि तिच्यातला पारा हललाच नाही. म्हणून फरक उंचीमुळेच पडला, हवामान बदलल्यामुळे नाही, असे म्हणता आले.

आता पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागातली ओढ. मोजायची नळी किती रुंद घ्यावी हे तो सांगतो. स्वच्छ काचेच्या १ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी आपोआप सुमारे ३० मिलिमीटर चढते, पारा सुमारे ११ मिलिमीटर उतरतो. दाबाशी याचा काही संबंध नाही. म्हणून नळी निदान १० मिलिमीटर व्यासाची घ्या, आणि वाचताना पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ व पाऱ्याच्या वक्र पृष्ठभागाचा माथा बघा.

श्यानतेचे, म्हणजे द्रवाच्या चिकटपणाचे, मात्र इथे काही चालत नाही. स्थिर द्रवात घर्षणाचा ताण नसतो, तो असतो थर एकमेकांवरून सरकताना. जाड तेल भरलेला मॅनोमीटर सावकाश स्थिरावेल, पण स्थिरावल्यावर त्याचे वाचन श्यानतेवर अवलंबून नसते. श्यानतेची गणिते वेगळी: ०.०४ चौरस मीटरची पट्टी १ मिलिमीटर जाडीच्या तेलावरून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने ओढायची, श्यानता ०.२ पास्कल-सेकंद. ताण ०.२ × ०.५ ÷ ०.००१, म्हणजे १०० पास्कल. बल ४ न्यूटन. मिलिमीटरचे मीटर करायचे राहिले तर हजारपट चुकाल, इतकेच सांभाळा.

पुन्हा मॅनोमीटरकडे. त्याच नळातून आता पाणी वाहते आहे, एकाच पातळीवरच्या दोन ठिकाणांमधला दाबाचा फरक हवा आहे आणि पाऱ्यातला फरक १०० मिलिमीटर दिसतो. इथे गुणायचे १२.६ ने, १३.६ ने नाही. एका बाजूचा पारा जिथे खाली सरकला तिथे पाणी आले, आणि त्या पाण्याचे वजन वजा होते. उत्तर १.२६ मीटर पाणी, सुमारे १२.४ किलोपास्कल.

पण फरक मुळातच लहान असेल तर? १०० मिलिमीटर पाण्याचा फरक पाऱ्यात ८ मिलिमीटरही दिसणार नाही. अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे सहा टक्के गेले. अशा वेळी यू-नळी उलटी करा आणि वरच्या बाजूला ०.८ सापेक्ष घनतेचे (पाण्याच्या ०.८ पट जड), पाण्यात न मिसळणारे तेल भरा. आता फरक १ वजा ०.८, म्हणजे ०.२ ने गुणला जातो आणि तोच १०० मिलिमीटरचा फरक नळीत ५०० मिलिमीटर होऊन समोर येतो. ०.९ चे तेल घेतले तर पुरा एक मीटर. मात्र मग तेलाची घनता तिसऱ्या दशांशापर्यंत माहीत हवी: ती ०.९ ऐवजी ०.९१ निघाली, तर मोजलेला फरक दहा टक्क्यांनी चुकतो. हे आकडे घरी मांडून बघा, आणि तेल तापले की काय होईल तेही.