कैगाचे 962 दिवस

श्रोते हो, नमस्कार.

आज बोलायचंय अणुविजेबद्दल. कार्बन कमी करायचा तर आपल्या देशात या विजेची जागा कोणती, एवढाच विषय आहे. पण आधी कैगाची गोष्ट, कारण ती मला फार आवडते.

कैगा तसं आपल्या शेजारचंच. गोव्याची हद्द ओलांडून कारवारला गेलात, की काळी नदीच्या अंगाने आत घाटाच्या जंगलाकडे जायचं. कद्रा धरणाच्या पाण्याकाठी हे अणुवीज केंद्र आहे. बांधकाम चालू असताना, 1994 च्या मे महिन्यात, पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीचा काँक्रीटचा आतला घुमट खाली आला. कामगार जखमी झाले. भट्टीत अजून इंधन भरलेलं नव्हतं, त्यामुळे किरणोत्साराचा प्रश्न आला नाही. पण देशभर टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. घुमटाचा आराखडा बदलला, तो पुन्हा बांधला. या सगळ्यात दुसरी भट्टी आधी सुरू झाली आणि पहिलीला मुहूर्त लागला तो 2000 साल सरत आल्यावर.

आता ऐका, हीच पहिली भट्टी. 13 मे 2016 ला ती ग्रिडला, म्हणजे देशभरच्या वीजतारांच्या जाळ्याला, जोडली आणि चालूच राहिली. दोन पावसाळे गेले, तिसरा गेला, भट्टी चालूच. 10 डिसेंबर 2018 ला 941 दिवस पूर्ण झाले आणि ब्रिटनमधल्या हेशम केंद्राचा 940 दिवसांचा जागतिक विक्रम मागे पडला. 31 डिसेंबरला ती देखभालीसाठी मुद्दाम बंद केली, तेव्हा आकडा झाला होता 962. पुन्हा सांगते, सलग 962 दिवस. आपल्या इंजिनिअरांनी बांधलेली, आपल्याच युरेनियमच्या इंधनावर चालणारी, 220 मेगावॉटची भट्टी.

हे जमलं कसं? तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांमध्ये इंधन बदलायचं तर भट्टी बंद करावी लागते. कैगाची जात वेगळी, जड पाण्याची, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असतो असं पाणी वापरणारी. तिच्यात 306 आडव्या नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत इंधनाच्या बारा जुड्या एकीला एक लावून ठेवलेल्या. एकेक जुडी जेमतेम अर्ध्या मीटरची, पण वजन सुमारे 16 किलो. नळीच्या दोन्ही टोकांना एकेक यंत्र येऊन बसतं. एका टोकाने नवी जुडी आत ढकलली जाते, दुसऱ्या टोकाने जळून गेलेली बाहेर घेतली जाते, आणि हे सगळं भट्टी पूर्ण ताकदीने चालू असताना. पुढे कॅनडातल्या डार्लिंग्टनच्या भट्टीने कैगाचा विक्रम मोडला. तीही जड पाण्याचीच!

मला विचाराल तर शाळांच्या सहली वॉटर पार्कला नेणं बंद करावं. वर्षातून एकदा मुलांना वीज केंद्र दाखवा, धरण दाखवा, निदान गावाबाहेरचं सबस्टेशन तरी दाखवा. बटण दाबलं की दिवा लागतो, पण त्यामागे रात्रपाळीला कोण बसलेलं असतं, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी बघायला हवं.

तर हवामान. त्या 962 दिवसांत सुमारे 500 कोटी युनिट वीज तयार झाली. तेवढीच कोळशातून काढली असती, तर युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असता, म्हणजे जवळपास 50 लाख टन. एका छोट्या भट्टीने तेवढा वाचवला.

आता एक आकडा नीट लक्षात ठेवा. 2025 च्या मध्याला आपल्या देशाच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅसशिवायच्या स्रोतांचा झाला. 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण ही झाली क्षमता. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या शंभर युनिटांपैकी सत्तरहून अधिक अजून कोळशाचीच असतात आणि अणुविजेची जेमतेम तीन. क्षमता निम्मी, वीज मात्र कोळशाची. कारण सूर्य मावळतो आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, कुलर सुरू होतात. ती संध्याकाळ आणि ती रात्र आज कोळसा सांभाळतो. बॅटऱ्या येताहेत, त्या हव्यातच. पण रात्रभर, पावसाळाभर न थांबणारी वीज अणुभट्टी देते आणि कार्बनच्या हिशेबात ती पवनचक्कीच्या रांगेत बसते. म्हणून मी तिच्या बाजूने आहे.

खर्च मोठा आहे, वेळ लागतो, आणि जळालेलं इंधन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावं लागतं. लोकांचा प्रश्न तर त्याहून मोठा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरच्या नियोजित अणुवीज केंद्रासाठी फ्रान्सशी करार झाला 2010 च्या डिसेंबरात. 2011 च्या एप्रिलमध्ये तिथल्या आंदोलनात गोळीबार झाला, एक माणूस गेला. मच्छीमाराने समुद्राच्या पाण्याबद्दल विचारलं तर त्याला आकडे मिळायला हवेत. त्याला विकासाच्या आड येणारा म्हणणं मला मुळीच पटत नाही.

2047 पर्यंत एक लाख मेगावॉट अणुवीज, असं सरकारने 2025 च्या अर्थसंकल्पात सांगितलंय. आज आपण नऊ हजारांच्या आसपास आहोत. त्या वाटेवर पोलाद, सिमेंटसारख्या उद्योगांसाठी छोट्या भट्ट्यांची योजना आहे, आणि त्यांचा आकार तोच, कैगाचा, 220 मेगावॉट. माझं म्हणणं असं, की पहिला विचार निवृत्त होणाऱ्या कोळसा केंद्रांच्या जागांचा करा. तिथं जमीन आधीच गेलेली आहे, पाण्याची सोय आहे, ग्रिडच्या तारा उभ्या आहेत. भोवतीची वस्ती किती जवळ आहे ते आधी मोजा, जिथं सुरक्षित अंतर नसेल ती जागा सोडून द्या. आणि मोजणी झाली की तिचे आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

नमस्कार.