बोटीला पाणी, पक्ष्याला चिखल

(दृश्य: भिंतीवरची दिनदर्शिका. पंख्याच्या वाऱ्यानं पान हलतंय.)

आज चतुर्थी. चार त्रिक बारा, भागिले चार, आले तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती पूर्ण. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आपल्या किनाऱ्यावरचं जुनं गणित. थोडंफार चुकतं, पण त्याला रेंज लागत नाही. ठाण्याच्या खाडीकाठच्या ऐरोलीला त्यात आणखी थोडी भर घालायची. समुद्राचं पाणी मुंबई बंदरातून आत शिरणार, वाशीचे पूल ओलांडून इथवर चढणार, त्याला उशीर होणारच.

म्हणून रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जाणारी आपली बोट दीडला सुटेल. पाणी चढत असताना.

"दीड ही काय वेळ झाली? सकाळी गारव्याला का नाही?" असं विचारणारं एक कुटुंब प्रत्येक फेरीला असतंच. सकाळी दहाला आला असतात तर बोट दिसली असती, पण चिखलात बसलेली. इथलं वेळापत्रक तिकीट खिडकीवर ठरत नाही, चंद्रावर ठरतं. उद्या ते पाऊण तासानं पुढे सरकेल, परवा आणखी पाऊण तासानं.

(दृश्य: ऐरोलीची जेट्टी. मागे उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे. लाइफ जॅकेट घालणारी माणसं.)

वन्यजीव बघायला छोट्या जहाजातून बेटांभोवती फिरायचं म्हटलं की डोळ्यांपुढे गॅलापागोस येतं. तिथे एका जहाजावर १०० च्या वर प्रवासी घेत नाहीत, आणि बेटावर पाय ठेवायचा तर सोबत परवानाधारक वाटाड्या लागतो. त्या बेटांवरही रोहित पक्षी आहेत बरं का, पण मोजके. काही शेकडा.

आपली बोट जेमतेम दोन डझन माणसांची. आणि बेट? आहे की. समोरच्या काठाला भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी दिसतंय ना, ती सगळी साष्टी. मुंबईची उपनगरं आणि जुनं ठाणे शहर जिच्यावर बसलंय ते बेट. लोकलच्या गर्दीत आपण बेटावर राहतो हे कोणाच्या लक्षात राहत नाही. ते बेट आणि ही नवी मुंबईची मुख्यभूमी यांच्यामधलं पाणी म्हणजे ठाण्याची खाडी. लांबी साधारण २६ किलोमीटर. ठाण्याकडे चिंचोळी, बंदराकडे जाताना पसरत गेलेली.

ऑगस्ट २०१५ मध्ये हिचा १६९० हेक्टरांचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातलं निम्म्याहून थोडं अधिक कांदळवन, बाकी पाणी. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०१७ मध्ये ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सुरू झालं, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. सरकारी कागदाचा भाग एवढाच. चला, बोटीत बसूया.

(दृश्य: बोट कांदळवनाच्या कडेनं. इंजिनाचा आवाज.)

दोन्ही अंगाला तिवरं. काठावर थांबून तिवराचं एक पान नुसतं वाकवा, तोडू नका. त्यावरून हाताचं बोट फिरवून जिभेला लावा. खारट. झाड मुळांतून खारं पाणी घेतं आणि नकोसं मीठ पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कडक उन्हात त्याचे बारीक कण चमकतात. खाली चिखलातून शिसपेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी मुळं वर आलेली. चिखलात हवा नाही, म्हणून झाडानं श्वासाला वर काढलेली.

आणि त्या पेन्सिलींच्या मधून ते बघा, उडालं. बोटभर लांब, चिखलाच्याच रंगाचं, डोळे डोक्यावर बसवलेले. निवटी. मासा खरा, पण ओहोटीला पाण्याबाहेर राहून पुढच्या परांवर टेकत चालतो. आपल्या घराभोवतीचा चिखल सोडत नाही. दुसरी निवटी जवळ आली की पाठीवरचा पर ताठ करून भांडायला उभा. कॅमेऱ्यावाले रोहितांसाठी आलेले असतात, त्यामुळे याच्याकडे कोणी बघत नाही. आम्ही मात्र इथे दहा मिनिटं घालवली आणि नाखवा वैतागला.

त्याचा वैताग बरोबर होता. घड्याळ चालू झालेलं असतं.

या सफरीतली खरी गंमत कळली की सगळं कळलं. बोट चालायला पाणी लागतं. रोहितला खायला चिखल लागतो. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो, पक्षी पांगून आरामात चरतात, पण बोट तिथवर पोचत नाही. पाणी पुरतं भरलं की बोट हवी तिथे जाते, पण चिखल बुडालेला, पक्षी उठून गेलेले. या दोहोंच्या मधे थोडासा वेळ असा येतो की बोटीखाली पुरेसं पाणी आहे आणि काठाला चिखलाची पट्टी अजून शिल्लक आहे. सगळे पक्षी त्या अरुंद पट्टीवर दाटीवाटीनं उभे. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी झपाट्यानं चढतं, ती वेळ भराभर सरते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढ-उताराचं, ते सावकाश.

(दृश्य: दूरवर गुलाबी रेघ. बोट जवळ जाते. इंजिन बंद.)

इंजिन बंद झालं. आता ऐका.

(दहा सेकंद निवेदन नाही.)

बदकांसारखी ही कलकल. आणि तिच्याखाली एक बारीक चुळूकचुळूक, हजारो चोचींची.

रोहित. अग्निपंखही म्हणतात. हल्ली रोहित म्हटलं की लोकांना आधी क्रिकेट आठवतं, त्याला इलाज नाही. खाडीत दोन जातींचे येतात. मोठा रोहित उंच, पांढुरका, फिक्या गुलाबी चोचीचं टोक काळं. छोटा रोहित त्याच्या खांद्याएवढा, रंगानं अधिक गुलाबी, चोच गडद, जवळजवळ काळपट लाल. इथल्या थव्यांत भरणा छोट्यांचा.

हा पक्षी डोकं उलटं करून खातो. चोच पाण्यात पालथी, वरची बाजू खाली. आत जाडजूड जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, सेकंदाला कित्येक वेळा. मागे जाताना पाणी आत ओढते, पुढे येताना बाहेर लोटते. चोचीच्या कडांना कंगव्याचे दाते असावेत तशी बारीक जाळी. छोट्या रोहितची जाळी फार बारीक, त्यात शेवाळातले सूक्ष्म जीव अडकतात. मोठ्याची जरा ढोबळ, त्यात किडे, कोळंबीच्या जातीचे बारके जीव. म्हणून दोघे एकाच चिखलावर उभे राहून एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो. करड्या रंगाची ती पोरं दिसतात ना, त्यांना अजून पुरेसा रंग चढलेला नाही.

हे पक्षी खाडीत मोठ्या संख्येनं यायला लागले ते १९९० च्या दशकाच्या मध्यापासून. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं २०१९ मध्ये मोजणी केली तेव्हा आकडा एक लाख वीस हजारांच्या घरात गेला. का आले? याचं उत्तर ऐकायला बरं नाही. दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी खाडीत येतं, त्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी. त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ माजतं, आणि शेवाळ हेच छोट्या रोहितचं जेवण. म्हणजे ज्या घाणीचा वास आला की आपण ऐरोलीच्या पुलावर गाडीची काच वर करतो, तिच्यातच त्याचं ताट वाढलेलं आहे. यावरून खाडी निरोगी आहे असं कोणी म्हणू नये. आणि पक्षी आलेत म्हणून सांडपाणी असंच सोडत राहा, असं तर मुळीच नाही.

(दृश्य: बोटीतला एक जण टाळ्या वाजवतो. नाखवा हातानं थांबवतो.)

"उडवा ना एकदा." ही मागणी ठरलेली. उडताना पंखाखालची लाल-काळी झळाळी दिसते, फोटो छान येतो. नाखव्यानं मान हलवली, एवढंच. चिखल उघडा असतो तेवढ्याच वेळात त्यांचं पोट भरायचं. त्यातली पाच मिनिटं आपण फोटोसाठी घेतली तर ती परत मिळत नाहीत. पावसाआधी यांना गुजरातकडे जायचं असतं, कच्छच्या रणात घरटी करायला. २०२२ मध्ये सहा रोहितांच्या अंगावर जीपीएस यंत्रं बसवली, तेव्हा त्यांच्या वाटेचा माग नकाशावर दिसला.

फरसाणाची पुडी फोडून कुरवांना, म्हणजे सीगलना, खाऊ घालणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. पक्षी शेव मागायला इथवर आलेले नाहीत, एवढं समजलं तरी पुरे.

(दृश्य: चिखलाची पट्टी अरुंद होते. पाणी पक्ष्यांच्या पायांवर चढतंय.)

पाणी आता छोट्या रोहितांच्या पोटाला लागलंय. काठचे उठू लागले. दहा, पन्नास, मग एक अख्खी फळी. कोणी हाकललं नाही, भरतीनंच उठवलं.

जातात कुठे? खाडी भरली की त्यांना उथळ पाण्याची तळी लागतात, उभं राहायला आणि विसावायला. नेरुळ-सीवूड्सची तळी, पलीकडे भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर. या तळ्यांत खाडीचं पाणी आत-बाहेर करणारी वाट असते. ती वाट भरावानं बुजली की तळं एक तर आटतं, नाही तर नको तितकं भरतं. मग भर भरतीत एवढ्या पक्ष्यांनी बसायचं कुठे? नवी मुंबईत फ्लेमिंगोंची चित्रं भिंतीभिंतीवर आहेत. चित्रातल्या फ्लेमिंगोला तळं लागत नाही.

हे पक्षी रात्रीही उडतात. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाला एक थवा धडकला आणि चाळीसच्या आसपास रोहित मेले. सकाळी गच्चीवर, रस्त्यावर पिसं होती.

(दृश्य: थवा दक्षिणेकडे, वाशी पुलांच्या दिशेनं. बोट वळते.)

चिखलाची पट्टी संपली. मघाशी जिथे पक्षी उभे होते तिथून आता आपली बोट जातेय. मनोऱ्यावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलाय. पुलावर दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्यात.

जेट्टीवर पुढच्या फेरीची माणसं विचारतायत, उद्या कितीला?

उद्या पंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार. पावणेचार. वर ऐरोलीचा उशीर धरा, आणि पाणी भरायच्या दोन तास आधी या.