दात पिवळा कशामुळे, हे आधी कळू द्या

(नांदेड येथे महिला मंडळाच्या कार्यक्रमात एका दंतवैद्य भगिनींनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुळशीचं लग्न लागलं की माझ्या दवाखान्यात एक मागणी हमखास सुरू होते. "मॅडम, पुढच्या आठवड्यात साखरपुडा आहे, दात पांढरे करून द्या." कधी मुलगी स्वतः येते, कधी आई घेऊन येते आणि अलीकडे मुलगेही येतात. मी कुणालाही लगेच हो म्हणत नाही. आरसा हातात देते आणि विचारते, "यातला कुठला दात तुम्हाला खटकतो? आणि कधीपासून?" बऱ्याच जणांनी आपले दात नीट उजेडात कधी पाहिलेलेच नसतात. फोटोत पिवळे दिसले, एवढंच त्यांना माहीत असतं.

आपल्या भाषेत दातांना कुंदकळ्यांची उपमा आहे. खरी कुंदाची कळी जवळून पाहा, ती खडूसारखी पांढरी नसते. दातही तसा नसतो. दाताच्या बाहेरचा थर म्हणजे इनॅमल. शरीरातला हा सगळ्यांत कठीण पदार्थ, वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज, पण अर्धपारदर्शक. त्याच्या आत डेंटिन असतं आणि ते मुळातच पिवळसर असतं. आपल्याला दिसतो तो बराचसा आतल्या डेंटिनचा रंग. सुळे शेजारच्या दातांपेक्षा पिवळे दिसतात, कारण त्यांत डेंटिन जाड असतं. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं, आत डेंटिनचा थर वाढतो आणि दात गडद होत जातो. पन्नाशीच्या बाईला विशीतल्या मुलीसारखे दात नाहीत, हा काही आजार नाही.

सौंदर्याची कल्पनाही कायमची नसते. आपल्याच महाराष्ट्रात एके काळी सवाष्ण बायका दातवण लावून दात काळे करत आणि ते शोभेचं मानलं जाई. जपानमध्येही लोखंड आणि मायफळाच्या तुरटपणातून दात काळे करण्याची चाल होती. हे अशासाठी सांगते की कुणी दाखवलेला दुधासारखा पांढरा रंग म्हणजे निरोगी दाताचा रंग, असं मनात धरू नका. पांढरे करून घ्यायला माझा विरोध नाही. हसताना तोंडावर हात घेणाऱ्या मुलीचा हात खाली आला, की मला मनापासून आनंद होतो. पण रंग कशामुळे बदलला हे कळल्याशिवाय कुणी तुमच्या दातांना पांढरं करणारं जेल लावू नये.

सगळ्यांत साधं कारण म्हणजे वरून बसलेला डाग. चहा, पान, तंबाखू, दातांवर साठलेलं कीटण, काही औषधी माउथवॉश महिनोन् महिने वापरले तर त्यांचा तपकिरी थर. हे सगळं स्केलिंग म्हणजे कीटण खरवडून काढणं आणि पॉलिशिंग यांनी निघतं. साफ केल्यावर आरशात पाहून निम्मे लोक म्हणतात, "बस, एवढंच हवं होतं." त्यांना ब्लीचिंगची, म्हणजे औषधानं दात उजळवण्याची, गरजच नसते. म्हणून आधी दात साफ करून घ्या आणि मग रंगाचा विचार करा.

इथं थोडी थांबते, कारण समोर बसलेल्या काही जणींच्या घरात मिश्री आहे हे मला माहीत आहे. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी पूड. सकाळी उठल्यावर ती हिरड्यांवर फिरवल्याशिवाय चैन पडत नाही. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ मध्येच बंदी घातली, पण घरच्या तव्यावर बंदी कशी चालणार? एक बाई लेकीच्या लग्नाआधी दात पांढरे करायला आल्या. त्यांनी मिश्रीचं सांगितलंच नाही. गाल बाजूला केला तर आतल्या बाजूला पांढरा चट्टा, पुसला तरी जात नव्हता. त्या दिवशी दातांचा विषय मी बाजूला ठेवला. असा चट्टा कॅन्सरकडं झुकू शकतो, म्हणून त्याचा तुकडा तपासायला पाठवला. त्या वेळेत आल्या म्हणून बरं झालं. मिश्रीनं दात काळे होतात ही तिची सगळ्यांत किरकोळ करणी आहे. ती चालू असताना दात पांढरे करणं म्हणजे गळत्या छपराखाली भिंतीला रंग देणं. लाज वाटते म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागवायला बसलेलो नाही.

दुसरं कारण आतलं. बाकीचे दात ठीक आणि एकच दात राखाडी, अशी माणसं येतात. विचारलं की आठवतं, लहानपणी सायकलवरून पडलो होतो. मार लागला की आतली नस मरते, रक्तातलं रंगद्रव्य डेंटिनमध्ये मुरतं आणि दात वर्षानुवर्षं गप्पपणे काळवंडत जातो. असा एक मुलगा सगळे दात पांढरे करायला आला होता. एक्स-रे काढला तर मुळाच्या टोकाशी पू साठून हाड खाल्लेलं. दुखत काहीच नव्हतं. त्या दाताला आधी रूट कॅनल लागलं, मग दाताच्या आतूनच औषध ठेवून तो उजळवला. वरून कितीही जेल लावलं असतं तरी त्या दाताचा रंग शेजाऱ्यांशी जुळला नसता आणि खालचा पू तसाच राहिला असता. म्हणून पांढरं करण्याआधी एक्स-रे मागणारा डॉक्टर बिल वाढवतोय असं समजू नका.

आईला गरोदरपणात किंवा बाळाला आठ वर्षांच्या आत टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक औषध दिलेलं असलं तर त्या बाळाच्या दातांवर करडे-तपकिरी पट्टे येतात. ते उजळायला महिनोन् महिने लागतात आणि तरीही पूर्ण जात नाहीत. एवढं सांगून पुढं जाते, कारण आपल्या भागाचा मोठा प्रश्न वेगळा आहे.

तो म्हणजे फ्लोराइड. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांत कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरं पाणीच नसेल तर फार तर १.५. याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर दात घडतानाच बिघडतात. आधी खडूसारखे ठिपके आणि रेघा, पुढं तपकिरी डाग. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यानं १९०१ पासून गावातल्या पोरांच्या अशाच तपकिरी दातांचा पाठपुरावा केला आणि त्याचं कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे कळायला १९३१ साल उजाडलं. आपल्याकडं मात्र आजही मुलीला ऐकवतात, "दात घासत नाहीस का?" त्या पोरीनं घासून घासून हिरड्या सोलवटलेल्या असतात. तो डाग घासून निघणारा नाहीच, तो इनॅमलच्या आत आहे. तिची त्यात काही चूक नाही, हे घरातल्यांनी आधी समजून घ्यायला हवं.

अशा दातांना नुसतं ब्लीच केलं तर पहिल्या काही दिवसांत पांढरे ठिपके उलट जास्तच उठून दिसतात. हे आधी सांगितलं नाही तर माणूस रडायला लागतो. तपकिरी डागांवर मायक्रोअ‍ॅब्रेजन म्हणजे आम्ल आणि बारीक पूड वापरून वरचा अगदी पातळ थर घासण्याचा उपाय आहे, तो ब्लीचिंगला जोडून करतात. ठिपक्यांत रेझिन म्हणजे प्लास्टिकसारखं घट्ट होणारं पातळ द्रव मुरवून ते झाकण्याचीही पद्धत आहे. कुठल्या दाताला काय लागेल ते डाग किती खोल आहे यावर ठरतं.

आता प्रत्यक्ष ब्लीचिंग. औषध दोन नावांनी येतं, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कार्बामाइड पेरॉक्साइड. दुसऱ्यातूनही शेवटी पहिलंच सुटतं. १० टक्के कार्बामाइडमधून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, म्हणून डब्यावरचे आकडे थेट ताडून पाहू नका. या उपायाचा शोध योगायोगानं लागला. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात क्लुस्मायर नावाच्या दंतवैद्यानं हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून रुग्णाला साच्यात हेच औषध असलेलं जंतुनाशक घालून रात्री दातांवर बसवायला दिलं. हिरड्या बऱ्या झाल्या आणि दातही उजळले. १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन यांनी ही घरी करायची पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. तुमच्या दातांच्या मापाचा ट्रे, त्यात प्रत्येक दातामागे तांदळाच्या दाण्याएवढं जेल, दोन-तीन आठवडे रोज रात्री. मी बहुतेकांना हीच पद्धत सुचवते. हळू चालते, दुखलं तर एक रात्र सोडता येते.

दवाखान्यात बसून एका दिवसात करतात तेव्हा २५ ते ४० टक्क्यांचं जेल असतं. ते हिरडीला लागलं तर पांढरी जळजळीत जखम होते, म्हणून हिरड्यांवर संरक्षक लेप हवा, ओठ बाजूला धरणारी चौकट हवी, डोळ्यांवर चष्मा हवा. युरोपीय संघानं २०११ च्या नियमानं ६ टक्क्यांपर्यंतचंच पेरॉक्साइड, तेही दंतवैद्याच्या देखरेखीत आणि १८ वर्षांपुढच्यांनाच, अशी मर्यादा घातली. यावरून हे औषध किती जपून हाताळायचं ते कळतं. ब्युटी पार्लरमध्ये किंवा मॉलमधल्या स्टॉलवर कुणी हे करून देत असेल तर तिथून उठा. डॉक्टरकडं राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारायला संकोच करू नका. जेल लावल्यावर दातांवर धरतात त्या निळ्या दिव्यानं फार फरक पडतो असं सांगतात, पण काम पेरॉक्साइडच करतं. आणखी एक. तासभर तोंड उघडं राहिलं की दात कोरडे पडतात आणि कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. त्याच वेळी काढलेला फोटो खरा नसतो. खरा रंग दोन-तीन दिवसांनी पाहा.

कळ येते का? येते. पेरॉक्साइड इनॅमल आणि डेंटिन ओलांडून काही मिनिटांत नसेपर्यंत पोचतं. थंड पाणी प्यायलं की सणक जाते. बहुतेकांची काही दिवसांत थांबते. पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट दोन आठवडे आधीपासून वापरली तर त्रास कमी होतो. पण कीड असेल, दाताला तडा असेल, हिरडी उतरून मूळ उघडं पडलं असेल, तर आधी तो इलाज. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे पुढं ढकलावं.

आणि कॅप. दातात भरलेलं सिमेंट, कॅप, व्हिनिअर म्हणजे दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा, यातलं काही ब्लीचनं पांढरं होत नाही. नवीन होते तेव्हा एका ताईंच्या पुढच्या कॅपबद्दल मी आधी बोलले नाही. दात उजळले आणि कॅप एकटी पिवळी दिसू लागली. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पण मला ते अजून लागतं. कॅप बदलायची असेल तर आधी दात उजळवून घ्या, दोन आठवडे थांबा, मग नव्या रंगाला जुळणारी करा. दोन आठवडे एवढ्यासाठी की दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळं सिमेंट नीट चिकटत नाही. यावरून लग्नाचा हिशेब तुम्हीच करा. निदान महिना-दीड महिना आधी या. हा रंग कायमचाही नसतो. चहा-तंबाखूवर अवलंबून वर्ष-दोन वर्षांत पुन्हा थोडा उतरतो.

लिंबू-मीठ, लिंबू-सोडा, कोळशाची पूड. कृपा करून बंद करा. लिंबाचं आम्ल इनॅमल विरघळवतं, पूड ते खरवडते. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, गेलेलं पुन्हा येत नाही. आणि ते पातळ झालं की आतलं पिवळं डेंटिनच जास्त दिसतं.

मागून एक प्रश्न आलाय, मुलगी चौदा वर्षांची आहे, दातांवर तपकिरी डाग आहेत, वर्गात चिडवतात, आत्ता ब्लीचिंग करू का? ताई, अठरापर्यंत थांबा. या वयात दातातली नस मोठी असते. तोवर डाग कमी दिसतील असं वरवरचं काम करता येईल, तिला घेऊन या. शाळेतल्या बाईंशीही मी बोलेन. पण तुम्ही म्हणालात की घरात तीन वर्षांचा धाकटा आहे. त्याचे पुढचे कायमचे दात आत्ता हिरडीखाली तयार होताहेत. घरच्या बोअरचं पाणी प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत भरा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत फ्लोराइडसाठी तपासायला द्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटून वाढतं. आकडा दीडच्या वर निघाला तर त्याचं प्यायचं पाणी त्याच दिवशी बदला.