एकाच शेतात इथला कांदा कुजतो, तिथला पोसतो: मातीत काय वेगळे आहे?

नमस्कार. माझ्यासमोर मातीच्या दोन पिशव्या आहेत आणि दोन्ही बेळगाव जिल्ह्यातील अथणी तालुक्यातल्या एकाच शेतातून आणलेल्या आहेत. पहिलीतली माती ज्या जागेची आहे तिथे कांद्याची पात शेंड्याकडून पिवळी पडली, मुळे सडून गेली आणि कांदा बुडाकडून कुजला. दुसरीतली माती तिथून वीस पावलांवरची आहे आणि तिथला कांदा मात्र उत्तम पोसला. तरू (रोप) एकच, खत एकच, लागवडही एकाच दिवसाची.

ही कूज फ्युजारियम ऑक्सिस्पोरम या बुरशीमुळे होते. तिचे जाड कवचाचे बीजाणू कांदा नसतानाही मातीत कित्येक वर्षे तग धरतात आणि माती 25 ते 30 अंशांपर्यंत तापली की बुरशी जोर धरते. अशा वेळी आपण मृदा आरोग्य पत्रिका काढून पाहतो. 2015 साली सुरू झालेल्या या पत्रिकेत सामू (माती किती आम्ल किंवा विम्ल आहे हे सांगणारा आकडा), म्हणजे कन्नडमध्ये ज्याला रससार म्हणतात तो, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये अशा 12 बाबी असतात, पण बुरशीविषयी एक ओळही नसते. तरीही ती बाजूला टाकू नका, कारण कोणत्या बुरशीला बळ मिळेल हे बऱ्याच अंशी त्याच आकड्यांवर ठरते.

सामूचेच पाहा. खानापूरकडची तांबडी माती जोरदार पावसाने चुन्यासारखे घटक धुऊन गेल्यामुळे आम्लधर्मी झालेली असते, तर अथणीकडच्या काळ्या जमिनीत चुनखडी असल्यामुळे ती विम्लधर्मी असते. टोमॅटोसारख्या पिकांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की आम्लधर्मी मातीत आणि अमोनियम रूपातल्या नत्रावर फ्युजारियमचा मर रोग बळावतो, तर सामू वाढवला आणि नत्र नायट्रेट रूपात दिले की तो मंदावतो. यामागचे एक कारण लोह आहे. सामू वाढला की विरघळलेले लोह दुर्मिळ होते आणि मुळांभोवतीचे स्यूडोमोनास जिवाणू ते बुरशीच्या आधी पकडून ठेवतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण इथे रसायन आणि जीव यांना वेगळे काढताच येत नाही.

मग अथणीच्या काळ्या मातीत कांदा कुजलाच का? पहिली पिशवी शेताच्या सखल कोपऱ्यातली आहे. तिथे पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि पाणी आटल्यावर क्षार वर येतात. कांदा क्षारांना फार हळवा आहे; मातीच्या संपृक्त अर्काची (माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे माप, 1.2 डेसिसीमेन प्रति मीटरच्या पुढे गेली की त्याचे उत्पादन घटू लागते. दुखावलेल्या मुळांत बुरशीला शिरणे सोपे जाते.

आता बुरशीकडे वळू. मातीतला डीएनए वाचून बुरशींची यादी काढता येते, पण त्या यादीत फ्युजारियम ऑक्सिस्पोरम हे नाव दिसले म्हणून घाबरू नये. याच जातीचे अनेक वाण निरुपद्रवी असतात. दक्षिण फ्रान्समधील शातोरनार येथील मातीत तर हेच निरुपद्रवी वाण कर्बाचे अन्न आधी फस्त करून रोगकारक भाईबंदांना वाढू देत नाहीत. बुरशी ओळखण्यासाठी डीएनएचा जो तुकडा सर्रास वाचला जातो, त्यावरून या दोघांतला फरक कळत नाही. शिवाय मेलेल्या बुरशीचा डीएनएही त्या यादीत मोजला जातो. म्हणून बुरशी वेगळी वाढवून कांद्याच्या रोपावर तपासणे अजूनही आवश्यक आहे.

आणखी एक अडचण आहे. कुजणारा कांदा स्वतःच आजूबाजूची माती बदलतो, त्यामुळे आज दिसणारा फरक रोगाचे कारण आहे की परिणाम, हे कापणीनंतर घेतलेल्या एका नमुन्यावरून सांगता येत नाही. माझे मत स्पष्ट आहे: पहिला नमुना लागवडीपूर्वीच घ्यावा, दुसरा पात पिवळी पडू लागताच घ्यावा, आणि रोगट व निरोगी जागेची माती कधीही एकत्र मिसळू नये. साधारण 15 ते 20 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्या आणि मुळांना चिकटलेली माती झटकून वेगळी ठेवा. रासायनिक तपासणीची माती सावलीत वाळवा. बुरशीच्या तपासणीची मात्र अजिबात न वाळवता, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा.